सात मिनिटांनी मोठी

दोघी जुळ्या. एक सात मिनिटांनी मोठी, म्हणून ती ताई आणि दुसरी धाकटी. या सात मिनिटांचा तोरा ताईने अठरा वर्षं मिरवला. आई शाळांचे गणवेश शिवायची. मुलींची शाळा संपली त्याच सुमारास आईचं मनगट कायमचं दुखावलं, आणि दोघींपैकी एकीला मशीनवर बसणं भाग पडलं. खरं तर ताईला चार गुण जास्त होते. तरी ती म्हणाली, "मोठी मी आहे. मी थांबते." विषय संपला.

धाकटी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला गेली. तिथे तिचा जीव काही रमेना. वसतिगृहाच्या खोलीतली दुसरी मुलगी सदा कानात गाणी खुपसून बसलेली. वर्गात दोनशे डोकी, आणि सर फळ्याशीच बोलायचे. काही मजेशीर घडलं की धाकटी सवयीने डावीकडे वळायची, तर तिथे भलतंच कोणीतरी. एकटीने हसायचं कसं हे तिला माहीतच नव्हतं.

रोज संध्याकाळी ती घरी फोन करायची. मशीनच्या घरघरीतून ताई विचारायची, "आज काय शिकवलं? सगळं सांग." धाकटी सांगायची. ज्या तासाला डोळे पुसत बसली होती, त्या तासाचंसुद्धा, वर्गातल्या कुणाची तरी वही बघून.

पहिल्या परीक्षेत ती दोन विषयांत नापास झाली. त्या संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "ताई, मला परत यायचंय. तुझ्याशिवाय नाही जमत गं."

मशीन थांबलं.

"ये," ताई म्हणाली. "तू काज-बटणं कर, मी येते तिकडे. चालेल?"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज अर्धा अर्धा तास मी काय उगाच कान लावून बसते?" ताईचा आवाज चिरकला. तिने फोन ठेवला.

तीन दिवस अबोला. रविवारी सकाळी ताई वसतिगृहाच्या दारात उभी! हातात नवंकोरं जाकीट. "दगड गोळा करता ना तुम्ही? खिसे मोठे घेतलेत," ती म्हणाली. भांडणाचं नावही नाही. "चल, प्रयोगशाळा दाखव."

प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "सुट्टीच्या दिवशी एकीलाच आत सोडतो," ते म्हणाले. "पण मला एकच दिसतेय. जा."

ताईने भिंग उचललं आणि अभ्रकाचा तुकडा फिरवून फिरवून पाहिला. "याला कापडासारखा उभा-आडवा धागा आहे बघ. या बाजूने सहज सुटेल, त्या बाजूने नाही."

धाकटी चाट पडली. तीन आठवडे तिच्या डोक्यात नेमकं हेच शिरत नव्हतं. "ताई, इथे तू असायला हवी होतीस."

ताईने भिंग पुसून जागेवर ठेवलं. "हो," ती म्हणाली. "हवी होते."

बसमध्ये चढताना तिने एवढंच बजावलं, "यायचंच असेल तर पास होऊन ये."

धाकटीने कंबर कसली. फेरपरीक्षेत दोन्ही विषय सुटले. खोलीतल्या मुलीने हळूहळू एक कान मोकळा केला, मग दुसरा. वर्ष सरता सरता सगळा वर्ग दगडांच्या खाणीवर गेला. दिवसभर हातोड्या चालवल्या, माना उन्हाने भाजल्या, हसून हसून पोटं दुखली. दुसऱ्या दिवशी जाग आल्यावर धाकटीच्या काळजात चर्र झालं. काल फोन राहिला होता. फोनच काय, दिवसभरात तिला ताईची आठवणसुद्धा आली नव्हती.

तिने तडक फोन लावला. "अगं, काल..."

"काल मलाच कुठे वेळ होता!" ताई म्हणाली. "कामाचा हा ढीग. बरंच झालं नाही केलास."

शाळेचं वर्ष संपताना गणवेश कोण शिवून घेतं? या दिवसांत आईचं मशीन झाकून ठेवलेलं असायचं, हे दोघींनाही माहीत होतं.

"मग? कशी होती खाण?"

धाकटी खिडकीशी उभी राहून सांगू लागली. सांगताना ती शब्द निवडत होती, फारशी मजा आली नाही असं वाटावं, असे.