मोठ्या मावशीच्या हातची चव

मुलांनी शाळेत दुपारी काय खावं हे ठरवायला एक समिती नेमली गेली. तिच्यात मुलं सोडून सगळे होते.

समितीचं नाव 'निरोगी ताट'. बैठका कंपनीच्या इमारतीत होत, कारण नगरपालिकेच्या सभागृहातले पंखे बंद होते आणि कंपनीकडे गारवा होता, मऊ खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीसमोर कंपनीच्याच पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. बाटलीवर हिरवं पान छापलेलं होतं. म्हणजे ती पर्यावरणाला चालत होती.

कंपनी गोड सरबतं आणि बिस्किटं विकून मोठी झालेली. तिने निम्म्या गावाला साखरेचा आजार लावला असं लोक म्हणत. लोक व्यायाम करत नाहीत, असं कंपनी म्हणे. पण अलीकडे तिला उपरती झाली होती. तिने एक शाश्वतता विभाग काढला होता आणि त्याच्या प्रमुख साहेबांचा यावर फार कटाक्ष होता की टेबलाभोवती सगळ्यांना जागा मिळावी. म्हणून एक खुर्ची कंपनीला, एक कंपनीच्या धर्मादाय संस्थेला, एक कंपनीला भाजी पुरवणाऱ्यांच्या संघाला आणि एक ग्राहक मंचाच्या बाईंना होती. या बाईंचं ऑफिस त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होतं, भाडं माफ. उरलेल्या खुर्च्यांवर जनता. जनता म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, एक नगरसेविका, शाळेच्या स्वयंपाकघरातली धाकटी मावशी आणि मिस्त्री.

मिस्त्रींनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. या इमारतीची लिफ्टही त्यांनीच बसवली होती. खाण्यातलं त्यांना फक्त खाणं कळत होतं. पण त्यांच्या बायकोने उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. मुलं तिला मोठी मावशी म्हणत. ती गेल्या वर्षी गेली, आणि समितीत एक दुःखी माणूस असला की फोटोला वजन येतं, हे कंपनीत कुणाच्या तरी लक्षात आलं.

ठरवायचं होतं ते एवढंच. शाळेचं स्वयंपाकघर बंद करायचं आणि कंपनीची सूपची पाकिटं आणायची. पाणी गरम करा, भुकटी टाका, ढवळा. मुलांना पोषण, पालिकेला बचत, पृथ्वीला दिलासा. मोठीच्या माघारी धाकटी तिच्याच पद्धतीने डाळ, गाजर आणि भोपळ्याचं सूप करत होती. स्वयंपाकघर बंद झालं तर धाकटी घरी बसणार होती. आणि मिस्त्रींच्या बायकोचं जे काही या जगात अजून रोज चुलीवर चढत होतं, तेही संपणार होतं.

आहारशास्त्राचे एक प्राध्यापकही होते. ते दर बैठकीत आधी उभे राहत.

“सुरुवातीलाच सांगतो, माझ्या संशोधनाचा खर्च कंपनी करते. मी काही लपवत नाही.”

त्यांच्या प्रामाणिकपणावर सगळे मान डोलवत. मग प्राध्यापक बैठक संपेपर्यंत कंपनीच्या बाजूने बोलत.

“भावजी,” धाकटी मिस्त्रींच्या कानात म्हणाली, “हे म्हणजे चोराने बेल वाजवून आत येण्यासारखं झालं.”

मोठीला ती सख्खी बहीणच मानायची, म्हणून मिस्त्री तिचे भावजी. मिस्त्री हसले नाहीत. बायको गेल्यापासून त्यांचं हसू जरा उशिराच पोचत असे.

“मुलं रोज सूप संपवतात,” धाकटी मोठ्याने म्हणाली. “वाट्या घासताना कळतं मला.”

“हा तुमचा अनुभव झाला,” प्राध्यापक म्हणाले. “पुरावा नव्हे.”

“मग पुरावा कुठून येतो?”

“अभ्यासातून.”

“आणि अभ्यास कुठून येतो?”

प्राध्यापक बाटली उघडून पाणी प्यायले.

साहेब मध्ये पडले. ते कधी चिडत नसत, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. “मावशी, तुमच्या हातांविषयी आम्हाला आदर आहे. पण हात दोन आणि शाळा पुष्कळ. शिवाय चवीची काळजीच करू नका. मोठ्या मावशींची चव आमच्या लोकांनी पाकिटात अगदी जुळवून आणली आहे.”

मिस्त्री इतका वेळ मिठाची गुळणी धरून बसले होते. ते ताडकन उठले.

“जुळवून आणली? तिची चव?”

“भावजी, बसा खाली.”

“नाही बसत. साहेब, तुमचं सूप ठेवा, या धाकटीचं ठेवा, वाटल्यास आणखी कुणाचं ठेवा. तिच्या हातची चव मी झोपेतसुद्धा ओळखीन!”

साहेबांचे डोळे चमकले. “उत्तम! चाचणीच घेऊ. तुम्ही ओळखलीत तर स्वयंपाकघर राहील. नाही ओळखलीत तर पाकिटं. मंजूर?”

मुख्याध्यापिका आणि नगरसेविका यांचे हात सगळ्यात आधी वर गेले. एरवी त्यांना स्वतः काहीतरी ठरवावं लागलं असतं.

लिफ्टमधून उतरताना धाकटी म्हणाली, “एवढी तंबाखू खाल्लेली जीभ तुमची. तिच्यावर माझी भाकरी लावलीत?”

“तंबाखू सोडलीय मी.”

“जिभेला सांगितलंय का?”

चाचणीची खोली इमारतीत वरच्या मजल्यावर होती. आत पांढरे, अरुंद कप्पे होते, फोन करायच्या खोपटासारखे. रंग बघून कुणी ओळखू नये म्हणून लाल दिवा लावलेला. समोरच्या झडपेतून हातमोजे घातलेला एक हात कप आत सरकवी. माणूस दिसत नसे. जेवण वाढण्याची इतकी स्वच्छ आणि इतकी परकी पद्धत मिस्त्रींनी कधी पाहिली नव्हती.

“प्रत्येक कपानंतर चूळ भरा,” झडपेतून आवाज आला.

पहिला कप पातळ होता आणि जिभेला चावत होता. मिस्त्रींनी तो लगेच बाजूला केला. दुसरा चांगला होता. डाळ होती, भोपळा होता, लसूणही होती. चांगला आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी चूळ भरली.

तिसऱ्या कपाचा घोट घेतला आणि ती आलीच. दाटसर, किंचित गोडूस, शेवटी घशाला मिऱ्याची ऊब. ती उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले. त्यांच्याकडे बघून म्हणत होती, छान झालंय. ती चुलीपाशी न दिसता खाटेवर का दिसली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. इतक्या दिवसांनी भेटलेल्या माणसाला, इथे का बसलीस, असं कोण विचारतं?

“हेच,” ते झडपेला म्हणाले. “हेच तिचं.”

निकाल बैठकीत सांगितला गेला. साहेबांनी चेहरा दुःखी केला होता, आणि तो त्यांना शोभत होता. “तिसरा कप आमचा. दुसरा शाळेचा.”

धाकटी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दुसरा प्यायलात ना, भावजी?”

“प्यायलो.”

“कसा होता?”

“चांगला होता.”

“चांगला होता!” धाकटीने छताला सांगितलं.

मिस्त्रींनी टेबलावरचं पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. नाव नवीन होतं, रंग हिरवा होता. त्यांनी ते फोडून हुंगलं. मग हळूच खाली ठेवलं.

“हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “आधी याचा रंग पिवळा होता.”

“सूत्र तेच आहे,” प्राध्यापक म्हणाले. “उद्देश नवीन आहे.”

“मग जुळवून आणलं काय? डोंबल?” धाकटी म्हणाली. प्राध्यापकांनी पुन्हा पाण्याकडे हात नेला.

मिस्त्री कुणाकडे बघत नव्हते. “शेवटी शेवटी औषधांनी तिचं तोंड सोलून निघालं होतं. काही जात नव्हतं. मला चहापलीकडे काही येत नाही. आमच्या मुलीने ही पाकिटं आणून ठेवली होती. मी पाणी उकळायचो, भुकटी टाकायचो, फार गरम नाही ना बघायला आधी एक चमचा स्वतः घ्यायचो. मग तिला. ती दोन चमचे घ्यायची आणि म्हणायची, छान झालंय. तिला चव लागतच नव्हती, साहेब. मी केलं म्हणून म्हणायची.” त्यांनी पाकीट दूर सरकवलं. “तुमच्या त्या खोपटात मी तिच्या हातची चव नाही ओळखली. तिच्या आजारपणाची ओळखली. ती तुम्ही धडधाकट पोरांना रोज पाजणार?”

नगरसेविकेने डोळे पुसले. ग्राहक मंचाच्या बाईंनीही पुसले. साहेब तर खरोखर हेलावले होते.

“मिस्त्री,” ते हळूच म्हणाले, “ही गोष्ट आम्हाला वापरता येईल का?”

ठराव मंजूर झाला. शर्त ती शर्त. इतिवृत्तात लिहिलं गेलं की नागरिक प्रतिनिधींचं उत्पादनाशी खोल भावनिक नातं दिसून आलं.

साहेब लिफ्टपर्यंत सोडायला आले. बोलणं तिथेच झालं. पाकिटावर मोठ्या मावशींचा फोटो, खाली नाव. मिस्त्रींना मानधन. धाकटीला जाहिरातीत गरम पाणी ओतायचं काम.

“तिने जन्मभर कुणाला पाकिटातलं वाढलं नाही,” मिस्त्री म्हणाले. “तिलाच पाकिटावर घालू देऊ?”

“विचार करा. घाई नाही.”

“मला आहे,” म्हणत मिस्त्रींनी बटण दाबलं. दार पटकन बंद झालं. लिफ्ट त्यांनी चांगली बसवली होती.

पाकिटं आली. फोटो मिळाला नाही म्हणून कंपनीने म्हातारीचं चित्र काढून घेतलं. पांढरा अंबाडा, गालाला खळ्या, नाकावर चष्मा. मिस्त्रींच्या घरात चष्मा फक्त मिस्त्रींना होता. चित्राखाली 'मावशीच्या आठवणीतून' असं लिहिलं होतं. कुणाची मावशी, हे कंपनीने सांगितलं नाही. शाळेतलं सूपचं मोठं पातेलं कंपनीच्या दारात गेलं. त्यात शोभेचं झाड लावलं आणि बाजूला पितळी पाटी, 'परंपरेचा सन्मान'. धाकटीला एका कापडाच्या दुकानात झाडलोटीचं काम मिळालं. तिचा सन्मान कुणी केला नाही, कारण तिच्यात झाड लावता येत नव्हतं.

मिस्त्री तिला तोंड दाखवत नव्हते. सुट्टीच्या दिवशी सकाळी तीच दारात उभी राहिली. हातात भोपळा.

“सुरी काढा.”

“धाकटे, अगं माझं चुकलंच...”

“ते गावाला माहीत आहे. त्या जिभेने माझ्या पोटावर पाय दिला. आता तिला नीट चव तरी शिकवते. उठा.”

स्वतः तिने कशाला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसली आणि तोंडाचा पट्टा सोडला. “साल काढा की! चामडी सोलल्यासारखी नको. डाळ धुतलीत? मग हे काय तरंगतंय? लसूण, लसूण! अहो, जळाली. लिफ्ट अशीच दुरुस्त करायचात का? माणसं पोचायची तरी?”

“पोचायची.”

“वर की खाली?”

मिस्त्री हसले. या वेळी वेळेवर.

सूप झालं. भोपळ्याच्या फोडी काही विरघळल्या होत्या, काही दगडासारख्या राहिल्या होत्या. मिस्त्रींनी एक चमचा घेतला आणि त्यांना कुणीच आठवलं नाही. नुसतं मीठ लागलं. त्यांनी वाटी धाकटीपुढे केली. तिने दोन चमचे घेतले, तोंड अजिबात वाकडं केलं नाही.

“छान झालंय.”

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. “खोटं बोलतेस.”

“मग? मी स्वयंपाक कुणाकडून शिकले?” ती म्हणाली, आणि वाटी त्यांच्या हातात परत दिली. “पाणी घाला थोडं. आणि हलवत राहा, बुडाला लागतंय.”