नलिनीच्या फोनवरचे दोन मोती

माझ्या डोहाळजेवणाला नलिनीला बोलवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण सख्खी धाकटी बहीण, तीही भोपाळातच, अवधपुरीला राहणारी, टाळणार कशी? सासूबाईंनी मला न विचारताच तिला फोन केला आणि ती आली. मोरपंखी साडी, केसांत गजरा, आणि बांधा असा की आमच्या टाऊनशिपमधल्या बायका आधी तिच्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

मी सजवलेल्या झोपाळ्यावर बसले होते. फुलांच्या दागिन्यांनी मान खाजत होती. पोटातलं हे बाळ नलिनीच्या स्त्रीबीजातून आलंय, हे चौघांनाच ठाऊक: मी, माझा नवरा जयंत, नलिनी आणि तिचा नवरा उदय. डॉक्टरांनी माझ्या बीजाची आशा सोडली, तेव्हा 'माझं घे ना ताई' असं तिनेच म्हटलं. भाजीला कमी पडलेली कोथिंबीर द्यावी, इतक्या सहज. मी तिच्या गळ्यात पडून रडले होते. आणि आता मला ती डोळ्यांसमोर नको असते.

तिनेच करून ठेवलंय हे. ती एका प्रयोगशाळेत काम करते. मला दिवस राहिल्यावर एकदा चहा पिता पिता, डोळे चमकवत सांगत होती, "पहिले काही दिवस गर्भ स्वतःच्या अकलेने चालतच नाही, ताई. आईच्या बीजात आधीपासून निरोप साठवलेले असतात. आरएनए म्हणतात त्यांना. काही प्रथिनं त्या निरोपांना घट्ट धरून बसतात, वेळेआधी कुणाला वाचू देत नाहीत. वेळ झाली की सोडतात."

आईच्या बीजात, म्हणे! कुठल्या आईच्या? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. माझ्या पोटात यायच्या आधीच माझं बाळ तिचं ऐकायला लागलं होतं. मग मी कोण? भाड्याची खोली?

सासूबाईंनी ओटी भरली आणि नलिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळ अगदी मावशीसारखं हुशार होऊ दे हो."

"का? आईने काय घोडं मारलंय?" मी फाडकन बोलले. सगळ्या हसल्या. नलिनी हसली नाही.

तेवढ्यात सोफ्यावरचा तिचा फोन वाजला. शेजारच्या मीनावहिनींनी तो उचलला, तोवर बंदही झाला. "अरे वा, किती सुंदर फोटो लावलाय! एकदम हिरवे मोती वाटतात ना? देख वसुधा, देख!"

मी फोन हातात घेऊन पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर एकमेकांना चिकटलेले दोन गोल, आतून हिरवे उजळलेले. दोन पेशींचा गर्भ कसा दिसतो, हे दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात मी कितीदा पाहिलं होतं. माझं बाळ! मला कुणी दाखवलं नाही आणि ही फोनवर लावून मिरवतेय!

"नलू, जरा आत ये," मी म्हटलं. झोपाळ्यावरून अशी उठले की बाजूबंद तुटून फुलं खाली सांडली.

खोलीचं दार लावलं आणि मी तिच्यावर तुटून पडले. "लाज नाही वाटत? दिलंस ना एकदा? मग फोटो कशाला ठेवलास? रोज सकाळी बघतेस? माझं म्हणतेस मनातल्या मनात?"

तिने माझ्या हातातून फोन घेतला. मग हळूच म्हणाली, "ताई, उंदराचं आहे ते."

"काय?"

"उंदराचा गर्भ. माझ्या कामातला फोटो आहे. हिरवं दिसतंय ना, ते म्हणजे तेच प्रथिन. निरोप धरून ठेवणारं." तिने बोटाने पुढचा फोटो आणला. त्यात पुष्कळ पेशी होत्या आणि हिरवं जवळजवळ नव्हतंच. "हा नंतरचा. गर्भाचं स्वतःचं काम सुरू झालं की आईचे निरोप मोडून टाकावे लागतात. ते तसेच राहिले तर गर्भ पुढे वाढत नाही."

मला हसू आलं आणि रडूही. उंदरावर जळत होते मी! पण हट्ट सुटेना. "म्हणजे तुझं आता काही उरलं नाही त्याच्यात?"

खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण नलिनी खोटं बोलत नाही. "निरोप उरले नाहीत. जनुकं आहेत. नाक माझं येईल कदाचित."

"नकटं," मी म्हटलं.

"नकटं," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "तुझ्या गर्भाचा फोटो मी मागितला होता, ताई. दवाखान्यात गर्भ ठेवला त्या दिवशी, तू आत झोपली होतीस तेव्हा. नर्सने विचारलं, आई तुम्हीच का? मी नाही म्हटलं. मावशी. मग नाही दाखवला तिने."

बाहेर बायका गाणं म्हणत होत्या. सासूबाई मला हाका मारत होत्या. पोटात बाळाने लाथ मारली आणि मी सवयीने तिथे हात ठेवला. नलिनीला ते दिसलं. तिचा हात थोडा पुढे आला आणि तिने तो पदरात लपवला.

माझा हेवा काही गेला नव्हता. तरी मी माझा हात बाजूला केला.

"इथे बघ," मी म्हटलं. "लवकर. आत्ता मारतंय."