सखूआजीच्या नावाचा भुंगेरा आणि मी

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. पण नुसती गव्हाची चाळण समजाल तर खबरदार! एका नव्या जातीच्या भुंगेऱ्याला जगापुढे आणण्यात माझा हात आहे.

नेरुळला सुनयनाताईंच्या स्वयंपाकघरात मी वीस वर्षं गहू चाळला. खडे, कोंडा, सोंडे, सगळं खाली पाडलं. मग घरात पिठाची पाकिटं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. किती वाईट वाटलं म्हणून सांगू!

तिथून मला खाली काढलं त्यांच्या लेकीने, क्षिप्राने. ती पालापाचोळ्यातल्या किड्यांचा अभ्यास करते.

"अगं, धान्याची चाळण ती! तिच्यात किडे चाळणार?" ताई ओरडल्या.

"आई, भोकं अगदी बरोबर मापाची आहेत गं. टेन्शन नको घेऊ."

आयुष्यभर किडे फेकून देण्यासाठी चाळत आले, आता ते जपून ठेवण्यासाठी चाळायचं होतं. मला तर हसूच आलं.

नेरुळजवळच्याच सारसोळे गावात गावदेवीच्या देवळामागे झाडांची जुनी राई आहे. तिथला ओलसर पाला क्षिप्रा माझ्यात घालायची, हलवायची आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर बारीक जीव टपटप पडायचे. एकदा तिळाएवढा तांबूस भुंगेरा पडला. तसा कुठल्याच पुस्तकात नव्हता! पण ती मादी निघाली. "नर बघितल्याशिवाय नवी जात ठरवता येणार नाही," तिच्या सरांनी बजावलं. झालं! दोन वर्षं आम्ही नर शोधत होतो. क्षिप्राचा सगळा अभ्यास त्या एका नरापाशी अडला होता.

चैत्रात देवीच्या पालखीच्या आदल्या दिवशी आम्ही राईत गेलो, तर जमीन लख्ख! पानसुद्धा नाही. गावातला मिथुन झाडू घेऊन ऐटीत उभा.

"काय मॅडम, यंदा राईपन कशी चकाचक केली? सकाळपासून आमी दहा जण लागलोय!"

क्षिप्रा मटकन खालीच बसली. मला उराशी धरून रडायला लागली. बिचाऱ्या मिथुनला कळेना, आपलं चुकलं काय. त्याने देवळाच्या पायरीवरून आपल्या आजीला, सखूआजीला, हाक मारली.

"रडतेस कशाला पोरी?" आजी म्हणाली. "देवीच्या झाडांचा पाला कचऱ्याच्या गाडीत जात नाय. जालायचा पन नाय. देवीचा हाय तो, देवीपाशीच ऱ्हातो. मागच्या खड्ड्यात हाय सगला. घे, पायजे तवरा!"

खड्डा पाल्याने काठोकाठ भरलेला होता. मग काय, मिथुन पाला आणून देतोय, क्षिप्रा मला हलवतेय, आजी उकिडवी बसून कापडाकडे बघतेय. माझी कड वाकली, जाळी एका जागी उसवली, पण मी दमले नाही हो! ऊन कलताना एक तांबूस ठिपका कापडावर पडला आणि तुरुतुरु पळाला. क्षिप्राने भिंग लावलं. पुढच्या पायांचे पंजे मादीपेक्षा रुंद होते.

"नर आहे! आजी, नर आहे!" ती किंचाळली आणि आजीच्या गळ्यातच पडली.

पुढे प्रयोगशाळेत नीट तपासणी झाली, वर्णन छापून आलं आणि त्या जातीला सखूआजीचं नाव दिलं. ऐकून आजी तोंडाला पदर लावून हसली.

"येवढासा किडा नि माजं नाव? बरं हाय. त्याला पाला कमी परू देनार नाय मी."

छापलेल्या त्या वर्णनात एक ओळ आहे, 'पाला चाळणीने चाळून नमुने मिळवले'. ती चाळण मी, मित्रांनो! आता मी दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेली असते. पाहुणे आले की सुनयनाताईच मला काढून दाखवतात.

मी जन्मभर कचरा वेगळा केला, पण पाल्याला कचरा म्हणू नये, हे मला म्हातारपणी कळलं. तुमच्या सोसायटीत निदान एका झाडाखालचा पाला तसाच राहू द्या. यंदाच्या पालखीला मिथुनने सगळं देऊळ झाडलं. राईच्या कडेला आला, चपला काढल्या, झाडू खाली ठेवला आणि पोरांना म्हणाला, "इथून पुढं आजीची मानसं ऱ्हातात."