फियाट गरम झाल्यावर

गाडी पुरी व्हायला अकरा वर्षं लागली आणि ती विकायला माझ्याकडे चार दिवस उरले होते.

सोमवारी आमच्या लालबागच्या चाळीमागची, गाडी ठेवलेली पत्र्याची शेड पाडणार होते. चाळ रिकामी झालेली. बिल्डरने आम्हाला शीवला भाड्याच्या दोन खोल्या दिल्या होत्या, पण तिथे सायकल टेकवायलाही जागा नव्हती. गिऱ्हाईक मिळालं नाही तर सोमवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता. तो आधी एकदा येऊन गेला होता. बॉनेटवर बोटाने टकटक करून म्हणाला, "पत्रा चांगलाय." अकरा वर्षांत गाडीबद्दल ऐकलेलं ते पहिलं कौतुक.

मी मेकॅनिक नाही. परळच्या एका कामगार वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. आमच्या चाळीतले तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर वारले, त्यांच्या मुलाला त्यांची जुनी फियाट नको होती, आणि निवृत्तीनंतर माझे हात रिकामे होते. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिच्या दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्याच्या आधाराने मी ती उघडली आणि त्याच्याच आधाराने पुन्हा जोडली. कोणाला काही विचारलं नाही. विचारायला निघालो की मी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. लोकांना वाटतं हा म्हातारा शिष्ट आहे.

गाडी सुंदर झाली होती. यात मी शंका घेत नाही, बाकी सगळ्यात घेतो. पण तिच्यात एक खोट राहिली होती. सकाळी एका चावीत सुरू व्हायची. गर्दीत अर्धा-पाऊण तास चालून गरम झाली की मात्र तिचा भरवसा नसे. कधी सिग्नलला आपोआप बंद पडे. बंद केली तर हमखास वीस-पंचवीस मिनिटं ढिम्म. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं की जरा निभायचं. पुस्तकातली त्याबद्दलची सगळी प्रकरणं मी चार वर्षं पुन्हापुन्हा वाचली. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. उपयोग झाला नाही.

भाची अनुजाने मोबाइलवर जाहिरात टाकली. तिने लिहिलं होतं, 'गाडी उत्तम स्थितीत.' ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

"अहो, सरळ सांगून टाका ना," माझी बायको ललिता म्हणाली.

"सांगितलं तर घेणार कोण? भंगारात जाईल."

"मग नका सांगू. पण मग कूस बदलून बदलून माझी झोप मोडायची नाही."

गुरुवारी निमेश नावाच्या मुलाचा फोन आला. माहीम कोळीवाड्यातला, बँकेत कॉम्प्युटरचं काम करणारा. वडील तीस वर्षं फियाट टॅक्सी चालवत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मी त्याला शनिवारी सकाळी सातची वेळ दिली. साधी चलाखी होती. सातला हवा गार असते, रस्ता मोकळा असतो. भारतमाता सिनेमापर्यंत जाऊन परत यायला अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

सातला कोणी आलं नाही. साडेबाराला आले. ऑक्टोबरचं ऊन शेडच्या पत्र्यावर तापलं होतं.

"सॉरी काका, आईचा बाजार उरकेपर्यंत थांबलो," निमेश म्हणाला. त्याच्या मागून त्याची आई पुतळाबाई आली. साठीच्या पुढची, कासोट्याचं लुगडं, काखेत थर्माकोलची पेटी. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मासा उलटून पाहावा तसं वाकून खाली पाहिलं.

"रंग नवा मारलाय की काय लपवलंय, मास्तर?"

"मास्तर नाही, मी ग्रंथपाल होतो," मी म्हणालो. त्या प्रश्नातल्या एवढ्याच भागाला मला उत्तर देता आलं.

निमेश स्टिअरिंगवर बसला, मी शेजारी, पुतळाबाई मागे पेटी मांडीवर घेऊन. फडकं मी पहाटे ओलं केलं होतं. ते केव्हाच सुकलं असणार. पुन्हा भिजवायला बॉनेट उघडावं लागलं असतं, आणि बॉनेट उघडलं की त्यांना फडकं दिसलं असतं.

गाडी एका चावीत सुरू झाली. निमेशच्या चेहऱ्यावर एकदम लहानपण आलं. "आवाज ऐकतेस ना गं आई? सेम!"

भारतमाताच्या सिग्नलला मी म्हणालो, "इथून वळून परत जाऊ या."

"एवढ्यात?" मागून आवाज आला. "सरळ घे रे. दादरला सुरमई पोचवायचीय. गाडीची पण टेस्ट होईल."

"दादरला आज फार ट्रॅफिक असेल," मी म्हणालो.

"ट्रॅफिक असेल म्हणून गाडी घेऊन काय घरात ठेवायची?"

परळ गेलं. हिंदमाताला आम्ही अडकलो ते अडकलोच. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून इकडची सगळी वाहनं टिळक पुलाकडे लोटतात. तापमानाचा काटा मधोमध आला होता. मी बाहेर पाहत असल्याचं दाखवत त्याच्याकडे पाहत होतो.

"काका, एक सांगू?" निमेश म्हणाला. "माझी मिसेस आहे ना, दिशा. आठवा महिना चालू आहे. माझा जन्म झाला तेव्हा आईला बाबांनी स्वतःच्या टॅक्सीतून हॉस्पिटलला नेलं होतं. मी ठरवलंय, दिशाला पण फियाटमधूनच नेणार."

"ह्याचं सगळं असंच," पुतळाबाई म्हणाली. "पोरीला विचारलंय का, एसी पायजे की फियाट?"

"ती हो बोलली."

"हो बोलली कारण तू पाच वेळा विचारलंस."

ते हसले. काटा मधल्या खुणेच्या वर सरकला होता. एखाद्या सिग्नलला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना, ती मुलगी या मागच्या सीटवर कळा सोसत बसलेली मला दिसली. मी तोंड उघडलं. मग वाटलं, बोलायची गरजच काय? टिळक पुलावर गाडी आपोआप बंद पडेल. त्यांना कळेल. मी म्हणेन, अरेरे, असं कधी झालं नव्हतं. नाहीतर काहीच म्हणणार नाही. सांगायचं काम गाडी करेल.

आज लिहिताना याची लाज वाटते. तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

दादर टीटी ओलांडून आम्ही पुलावर चढलो आणि बरोबर माथ्यावर रांग थांबली. पुढे बस, शेजारी टेम्पो, ऊन टपावर. पाच मिनिटं. आठ मिनिटं. काटा लाल खुणेला टेकला. मी वाट पाहत होतो. इंजिनाचा आवाज एकदा खाली गेला. मी डोळे मिटले. आवाज पुन्हा वर आला आणि संथ चालू राहिला. दहा मिनिटं झाली. ज्या गाडीने मला चार वर्षं प्रत्येक चौकात खाली मान घालायला लावली होती, ती त्या पुलावर अजिबात बंद पडली नाही.

रांग हलली. निमेशने स्टिअरिंगवर थाप मारली. "बस! काका, घेतली गाडी. अजून काय टेस्ट करायची?"

"दे हात, मास्तर," पुतळाबाईने मागून हात पुढे केला. "आमच्यात हातावर हात पडला की सौदा झाला. मग फिरायचं नाय."

तिचा हात माझ्या खांद्याशेजारी थांबला होता. बर्फाने सुरकुतलेली बोटं, अंगठ्यावर जुना कापल्याचा वण. मी माझा हात उचललाही.

"ती बंद पडते," मी म्हणालो.

"काय?"

"गाडी. गरम झाली की बंद पडते. बंद केली की सुरू होत नाही. अर्धा तास."

पुतळाबाईने हात मागे घेतला. "आता भाव वाढवायला बघतोस होय रे?"

"नाही हो."

"मग जीव अडकलाय गाडीत. द्यायची नाय म्हणून काड्या करतोय."

"काका, आत्ता दहा मिनिटं उभी होती पुलावर," निमेश म्हणाला. "माझ्यासमोर."

"आज नाही पडली. का नाही पडली मला माहीत नाही. तुम्ही बंद करून बघा."

पूल उतरल्यावर त्याने गाडी डावीकडच्या गल्लीत घेतली, कडेला लावली आणि चावी फिरवून बंद केली. मनात दहा आकडे मोजले असावेत. मग पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर घरघरला. इंजिन गप्प. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी त्याने चावी सोडली आणि माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचं लहानपण गेलं होतं.

तो उतरला आणि बॉनेट उघडलं. फडकं तिथेच होतं, सुकून कडक झालेलं.

"हे काय आहे?"

"ओलं करून बांधतो. पंप गार राहतो."

"ते मला माहितीय, बाबा पण बांधायचे. हे तुम्ही आज बांधलंत. म्हणजे सकाळपासून तुम्हाला ठाऊक होतं! मी तुम्हाला दिशाचं सांगितलं, तेव्हा पण गप्प बसलात."

"हो."

"तुम्ही पुलावर बोलला नसता तर?"

यावर काहीतरी बरं उत्तर द्यायला हवं होतं. "बोललो असतो की नाही, मला सांगता येत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

तो दोन पावलं लांब गेला, परत आला. कोणावर तरी ओरडायचं होतं, पण समोर बहात्तर वर्षांचा माणूस उभा. त्याने टायरला लाथ मारली.

"टायरने काय केलंय तुझं?" पुतळाबाई खाली उतरली. थर्माकोलची पेटी तिने रस्त्यावर ठेवली, झाकण काढलं आणि सुरमईखालचा चुरा बर्फ ओंजळीने पंपावर घातला. वाफ आली. "मुकाट बघ आता. ह्याचा बाप दादरला अडकला की मच्छीवालीकडनं बर्फ मागायचा. तसाच तर भेटला मला."

निमेश वाकून पाहत होता. बर्फाकडे नाही, बाजूला. त्याने पंपापासून वर जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर बोट नेलं आणि झटक्याने मागे घेतलं. "हा पाइप इथून का नेलाय? सायलेन्सरच्या तोंडाला खेटून?"

"पुस्तकात तसाच दाखवलाय."

"बाबांच्या गाडीत पलीकडून होता. सगळ्या टॅक्सींचा पलीकडून असतो. पेट्रोल उकळणार नाही तर काय होणार? कुठलं पुस्तक?"

मी सांगितलं. सांगता सांगता पहिल्या पानावरचं चित्र डोळ्यांसमोर आलं. चित्रातल्या माणसाने स्टिअरिंग डाव्या बाजूला धरलं होतं. कुठल्यातरी परदेशातली गाडी, दुसऱ्याच मांडणीची. ते चित्र मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या अकरा वर्षांत माझ्या चाळीच्या फाटकाबाहेर टॅक्सी स्टँड होता. तिथे सुरुवातीची आठ-नऊ वर्षं रोज सहा-सात फियाट उभ्या असायच्या. एखादीचं बॉनेट उघडून बघू का, एवढं विचारायचं होतं.

पुतळाबाई मोठ्याने हसली. "पुस्तकात मासा बघून मासा निवडायला निघालास, मास्तर!"

मला हसू आलं नाही. पण रागही आला नाही.

पाच मिनिटांनी निमेशने चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. तो आत बसून राहिला, हात स्टिअरिंगवर. मग आईला म्हणाला, "चल. टॅक्सीने जाऊ. ही परत देऊन टाक त्यांना."

मी मान हलवली. सोमवारचा टेम्पो मला दिसू लागला होता.

"कशाला परत?" ती म्हणाली. "खोट कळली ना? कुठाय ती पण कळली. आपला मनू मिस्त्री पाइप फिरवून देईल, दोन तासांचं काम. पण पोरीला ह्यातनं न्यायचं नाय. तिच्या वेळेला टॅक्सी. हे कबूल असेल तर घे."

"खोटं बोलले ते आपल्याशी."

"बोलला. मग खरं पण बोलला, तुझी गाडी चालू असताना. तुझ्या बापाने टॅक्सी घेतली तेव्हा त्या दलालाने काय सांगितलं होतं? त्याची पयल्या दिवशी वरळीला बंद पडली."

निमेशने स्टिअरिंगवरचे हात काढले. शेवटी म्हणाला, "दिशा टॅक्सीने जाईल."

पुतळाबाईने पुन्हा हात पुढे केला. आता मीच म्हणालो, "एक दिवस द्या. पाइप मी बदलून देतो. उद्या संध्याकाळपर्यंत."

"नको."

"माझी चूक आहे. मला दुरुस्त करू द्या."

"मास्तर," ती या वेळी हळू म्हणाली, "अकरा वर्षं तूच तर करत होतास ना?"

मी हात तिच्या हातावर ठेवला. तो थंडगार होता.

गाडीच्या खणातल्या कागदांवर बॉनेटवरच सह्या झाल्या. बॉनेट इतकं तापलं होतं की मनगट टेकवता येईना. निमेशने मोबाइलवरून पैसे पाठवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. डाव्या दाराची कडी दोनदा ओढावी लागते हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि मी बस पकडून शीवला आलो.

ललिताने मोकळे हात पाहिले. "गेली?"

"गेली. सांगून टाकलं."

"आणि तरी घेतली?"

"हो."

मी फोन समोर ठेवून बसलो. दादर ते माहीम, शनिवारची गर्दी, तोच पाइप. चार वाजले, पाच वाजले.

"फोन नाही म्हणजे पोचली," ललिता म्हणाली.

"किंवा रस्त्यात पडली."

"मग विचारा की. फोन काय चावतो का?"

सहा वाजता मी विचारलं. निमेशचा फोन पुतळाबाईने उचलला. मागे बायकांचा गलका होता.

"कोण?"

"मी... लालबागहून. गाडीवाला."

"कोण गाडीवाला?" मग, "अगो, मास्तर! पोचलो की कवाच. लेडी जमशेटजी रोडला एकदा पडली, बर्फ होता."

"आता कुठे आहे?"

"दारात. मनू उद्या यायचाय. शेजारणी गाडीत जाऊन बसल्यात, चौघी, लसूण सोलतायत. सावली चांगली पडते बोलतात."

मागची सीट मी स्वतः शिवली होती. वर्षभर लागलं होतं. त्या सीटवर मी ललितालाही कधी चहा पिऊ दिला नव्हता.

"उठवू का त्यांना?" पुतळाबाईने विचारलं. "साली पडतायत सगळीकडे."

ललिता माझ्याकडे पाहत होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नको," मी म्हणालो. "बसू द्या."