पांढऱ्यावर पिवळा

क्योतोच्या आमच्या विद्यापीठात कार्टून आणि ॲनिमेशनच्या पहिल्याच तासाला काजितानी सर आले आणि त्यांनी कुणाचं नावगाव विचारलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने पांढऱ्या कागदावर मांजर काढलं होतं. सरांनी त्यावर पातळ पिवळा कागद ठेवला आणि चार रेषांत तेच मांजर पुन्हा काढलं. मग म्हणाले, "स्टुडिओत पिवळा कागद म्हणजे दुरुस्ती. पांढऱ्यावर पिवळा आला, की पांढरा मेला. पुढचा माणूस पिवळ्यावरूनच गिरवणार. आवडो न आवडो."

आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. मी तर खाली दोन रेघा मारल्या. शहाणी ना मी.

सरांनी तीस वर्षं स्टुडिओत बसून दुसऱ्यांची चित्रं दुरुस्त केली होती. त्यांच्या शिफारशीच्या पत्राने नोकरी लागते, हे विभागातल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. चार वर्षं मी त्या पत्रावर डोळा ठेवून होते. खोटं कशाला बोलू.

पण शेवटच्या वर्षाची फिल्म मी पत्रासाठी करत नव्हते. ती बाबांसाठी होती. आयाबे गावात आमचं टोफूचं दुकान. मी दुसऱ्या वर्षाला असताना बाबा गेले आणि दुकान बंद झालं. ऐन विशीत सायकलवरून पडून त्यांचा डावा खुबा मोडला होता. डावा पाय ते आधी बाहेर फेकत, मग टेकवत, आणि टेकवल्यावर अंग खाली जायच्या ऐवजी क्षणभर वर उचललं जाई, कारण उजव्या हातातल्या बादलीत पाण्यात टोफू असे आणि ते हिंदकळू द्यायचं नसे. लहानपणी मी काउंटरखाली बसून नुसत्या पावलांवरून सांगायचे, बाबा आले. फोटो काढायचा म्हटलं की त्यांना काम आठवे. फोनमध्ये एकच व्हिडिओ आहे, सात सेकंदांचा. त्यात ते बसलेत आणि म्हणतायत, "बंद कर ते."

म्हणजे त्यांचं चालणं आता कुठेच नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं. ते कागदावर उतरवायचं, बाकी फिल्म कशीही होवो. अठरा सेकंद बाबा दुकानाच्या मागच्या दारातून पुढे येतात, एवढंच. उन्हाळाभर खपून मी एकशे बारा चित्रं काढली. भराभर उलटून पाहिली तर बाबा आले. मी कागदांवर डोकं ठेवून रडले.

सरांना दाखवायला दिलेला गठ्ठा आठवड्याने परत आला, तो सगळा पिवळा होऊन.

"सोनोबे, अंगाचा भार चुकलाय," सर म्हणाले. "टाच टेकली की अंग खाली जातं. तुझा माणूस वर उडतोय. चौथ्या वर्षाला हे मी शिकवायचं का?"

"नाही सर. चुकलंच."

"बाकी रेषा चांगली आहे. एवढं गिरवून घे. पत्राचं बघू."

शेजारच्या टेबलावरचा मोरिनागा सगळं ऐकत होता. सर गेल्यावर म्हणाला, "अगं, सांगायचंस ना, हे माझे बाबा आहेत म्हणून."

"मग सर म्हणतील, बाबांचाही भार चुकलाय."

"म्हणू देत. तू गिरवू नकोस म्हणजे झालं."

"तुझं काय जातंय? तुला ओसाकात मामाचा छापखाना आहे."

तो आपल्या चित्रांकडे वळला. त्याच्या स्वतःच्या फिल्मवर सरांनी केव्हाच पिवळे कागद टाकायचे सोडले होते. आम्हाला वाटायचं, सरांनी त्याच्या नावाने आंघोळ केली.

मी गिरवलं. पहिली दहा चित्रं हात जड होता. नंतर हाताला सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मजाही यायला लागली. सरांची रेषा खरंच सुंदर होती. डिसेंबरात वर्षाअखेरची सफाई निघाली तेव्हा माझ्या मूळ चित्रांचे पांढरे कागद मी स्वतःच्या हाताने सुतळीने बांधले आणि रद्दीच्या गाडीवर दिले. गाडीवाल्याने रिवाजाप्रमाणे बदल्यात संडासातल्या कागदाची चार भेंडोळी दिली. ती आम्ही विभागातच वापरली.

फेब्रुवारीत प्रदर्शनात माझ्या फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. आयाबेहून आई आली होती, चांगला किमोनो नेसून, सरांसाठी मिठाईची पेटी कापडात बांधून. अंधारात मी पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होते. बाबा मागच्या दारातून आले, अठरा सेकंद चालले. आईचा चेहरा हलला नाही. दिवे लागल्यावर तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

"छान झालंय गं," ती म्हणाली. "दुकान अगदी आपलंच. तो नळसुद्धा." मग जरा थांबून, "तो माणूस कोण?"

"आई, बाबा आहेत ते."

"असं होय," ती म्हणाली आणि पेटीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक आहे."

मी तशीच सरांना शोधत गेले. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे आवाज चढवून बोलले. म्हटलं, ते माझे वडील होते, त्यांचा खुबा मोडला होता, ते तसेच चालत, तुम्ही त्यांना सरळ केलंत.

सर आपल्या बुटांकडे पाहत म्हणाले, "मी पिवळा टाकला तो विचारायला, की असं का नाही? उत्तर तुझ्याकडे होतं. ते तू दिलं नाहीस."

"पांढरा मेला म्हणून तुम्हीच शिकवलंत."

"स्टुडिओत. तिथे फिल्म दुसऱ्याची असते. ही तुझी होती." मग त्यांनी मान खाली घातली. "मी विचारायला हवं होतं. माझंही चुकलं."

पत्र त्यांनी आधीच दिलं होतं. मी ते परत केलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

पुढच्या आठवड्यात घरी गेले. सकाळी बंद दुकानाच्या काउंटरवर कोरे कागद घेऊन बसले. म्हटलं, कागद गेले तर गेले, बाबा डोक्यात आहेत. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. पंधरा काढली. उलटून पाहिली तर एक धडधाकट माणूस टाच टेकून, अंग खाली घालून मस्त चालत आला. फाडली, पुन्हा काढली. पुन्हा तोच आला.

आई आतून बघत होती. "जमत नाहीये का?"

"नाही."

तिने बाही खोचली, नळाखाली बादली भरली आणि मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. "बघ हं," म्हणाली आणि चालायला लागली. डावा पाय बाहेर फेकला, टेकवला, अंग वर उचललं, क्षणभर थांबली. परत पाय. काउंटरपर्यंत आली तरी फरशीवर थेंब नव्हता. तीस वर्षं तिने ते पाहिलं होतं.

"असंच चालायचे ना?"

ती दाखवत होती ते खरं होतं, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. मला बादली घेऊन लंगडणारी माझी आई दिसत होती. बाबा आठवायला डोळे मिटले, तर सरांचा माणूस सरळ चालत आला.

"हो," मी म्हणाले. "अगदी असंच."

आईला बरं वाटलं. ती बादली घेऊन पुन्हा दारापाशी गेली, आणखी एकदा चालून दाखवायला.