मुकी म्हणून निवडलेली

"आवाज चढव गं... आता उतरव. आता झोका घे, खाली जाऊन वर ये."

मी कोरी करकरीत होते तेव्हा हा आवाज रोज माझ्या पानांवर पडायचा. तो होता पुण्यातल्या एका बाईंचा. त्या घरी मुलींना चिनी शिकवायच्या. एकेका शब्दाचं बोट धरून त्याला अशा चढवायच्या, उतरवायच्या. मी त्यांच्या मांडीवरची चिनी भाषेची अभ्यासपुस्तिका. आज माझा पुठ्ठा सुटलाय, शिवण उसवलीय, पण तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

मित्रांनो, माझ्यातल्या शब्दांच्या डोक्यावर बारीक रेघा छापलेल्या आहेत. कुठे आडवी, कुठे चढती, कुठे उतरती, कुठे वाटीसारखी खोलगट. चिनी भाषेत आवाजाचा चढउतार बदलला की शब्दच बदलतो. त्या रेघा म्हणजे माझा गळा. जोडीला एक कॅसेटही होती, माझी बोलकी बहीणच. बाई गेल्या, घर आवरलं गेलं आणि रद्दीच्या गाठोड्यात आमची ताटातूट झाली. मी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत येऊन पडले. तिथून सोमेश्वर सरांच्या पिशवीतून पाटोद्याकडच्या एका शाळेत आले.

त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह दादा. गॅदरिंगला माईक हातात आला आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, "पुढच्या साली आपल्या पोरी चिनी बोलणार! जी परीक्षा पास होईल, तिला आपल्या वसतिगृहात जागा. फुकट!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लगोलग सोमेश्वर सरांना पुण्याला एका छोट्या शिबिराला धाडलं; येताना त्यांनी मला फुटपाथवरून उचललं. गेले ते मराठीचे सर, आले ते चिनीचे सर.

मग पुस्तक निवडायचा दिवस आला. टेबलावर आम्ही दोघं. एकीकडे मी, पिवळी पडलेली. दुसरीकडे पुण्याहून मागवलेला रंगीत संच, सोबत छोटा स्पीकर. बटण दाबलं की त्यातून एका बाईचा आवाज चिनी शब्द बोलायचा.

"सर, हे बोलणारं भारी दिसतंय की," दादा म्हणाले.

"न्हाई दादा, यंत्रानं पोरी आळशी व्हत्यात." सरांनी माझ्यावर तळहात ठेवला. "ही जुनी हाय, पण अस्सल हाय. हिच्यात सगळं हाय."

मी किती फुलून गेले म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कुणी मला अस्सल म्हटलं होतं. रंगीत संच कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. माझ्या झेरॉक्स निघाल्या, आणि मूळची मी मिळाले वर्षाराणीला, कारण वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची.

वर्षाराणी आठवीतली. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तिलाही बरोबर न्यायचे. फडावर गेली की शाळा सुटायची, परत येईतो वर्ग पुढे गेलेला असायचा. यंदा मात्र तिच्या आईनं, छबुबाईनं, शब्द दिला होता, "पास हो. मग तू राहा हितं. मी एकटी जाईन तुझ्या बापासंगं."

मित्रांनो, त्या पोरीचं सगळं वर्ष माझ्या पानांवर टेकलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला उघडून सरांपुढे धरलं. "सर, ह्या रेघा कशाच्या?"

सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "छपाई जुनी हाय. खराबी हाय ती. सोडून दे."

माझा गळा तिथेच दाबला गेला. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणारी माझी बहीण तर कुठे हरवली होती!

शब्द काही पाठ होईनात. तेव्हा भाकरी थापता थापता छबुबाई म्हणाली, "चालीत म्हण की गं. मला कुठं लिव्हता येतंय, पण माज्या आईच्या समद्या ओव्या ध्यानात हायत." आणि मायलेकींनी चूल पेटलेली असताना चिनी ओवी रचली:

शान म्हंजे डोंगर गं, बालाघाट माझा
शुइ म्हंजे पाणी बाई, हंडा भर ताजा

काय गोड म्हणायच्या! माझा प्रत्येक शब्द त्यांनी ओवीत ओवला. पण ओवीची चाल ओवीची असते. ती जिथे हेल काढते तिथे माझ्या रेघा उतरत होत्या, ती जिथे टेकते तिथे माझ्या चढत होत्या. पोर जितकी मन लावून गात होती, तितकी माझ्यापासून लांब जात होती. सर खिडकीतून ऐकायचे, म्हणायचे, "वा! चालू द्या."

गणपतीनंतर बीडला परीक्षा झाली. मी तिच्या दप्तरात, दप्तर दाराबाहेर. पोरगी हसत आत गेली. बाहेर आली तेव्हा छबुबाईनं विचारलं, "काय गं, सोप्पा होता का पेपर?" ती तडक एसटीत जाऊन बसली. एसटी सुटल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, कानाला यंत्र लावलं. एक बाई बोलली आन् आपन खुणा करायच्या. शब्द माझेच आसतील बघ. पण येकबी आपल्या चालीत न्हवता. मला वळखूच आले न्हाईत."

निकाल लागला. एकही पोरगी पास नव्हती. दादा भडकले. "सर, नाक कापलं राव आपलं!"

आणि सर म्हणाले, "दादा, मी काय करू? पुस्तिकाच खोटी निघाली."

तोच तळहात, तेच तोंड. अस्सल म्हणून उचललेली मी खोटी म्हणून खाली पडले. त्या दिवशी मला कळलं की मला माझ्या गुणासाठी निवडलंच नव्हतं. मी मुकी होते, म्हणून निवडलं होतं. बोलणारा संच वर्गात आला असता, तर सरांचे उच्चार उघडे पडले असते. वर्षाराणीनंही माझ्याकडे पाठ केली. घरी मी ज्वारीच्या डब्याखाली गेले, डबा डुगडुगू नये म्हणून. ओल लागली, वाळवी लागली. त्याचं दुःख नाही. पोरीनं मला खोटं मानलं, ते सलतं.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, असं सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगते. तुमच्या हातात कुणी पुस्तक ठेवलं, तर विचारा, हे शिकणाऱ्यासाठी निवडलंय की शिकवणाऱ्याच्या सोयीसाठी? आणि पानावरची एखादी खूण कळली नाही, तर "सोडून दे" म्हटल्यावर सोडू नका. चार जणांना विचारा.

दिवाळी झाली. गावात ऊसतोडीचा ट्रक आला. भांडी, पाल, कोयते चढले. निघण्याआधी छबुबाई मला पदरानं पुसून शाळेत घेऊन आली. मागे वर्षाराणी, डोक्याला रुमाल बांधलेली, तिच्या वडिलांचा जुना शर्ट घातलेली.

"सर, ही घ्या तुमची वस्तू. दुसऱ्याचं घरात ठिवून जावं वाटंना." छबुबाईनं मला टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. "तुमी लई कष्ट घेतले. माज्या पोरीचंच डोस्कं कमी पडलं."

वर्षाराणीनं मान खाली घातली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. छबुबाई वळली.

"थांबा," सर म्हणाले. त्यांनी मला उघडलं आणि पहिल्यांदाच त्या रेघांवर बोट ठेवलं.

"छबुबाई, पोरीचं डोस्कं कमी न्हाई. पुस्तिकाबी खोटी न्हाई. ह्या रेघा आवाजाच्या हायत, हे मला ठावं होतं. बोलणारा संच त्या कपाटात हाय, मीच कोंडून ठेवलाय." त्यांनी वर्षाराणीकडे पाहिलं. "पोरी, मला चिनी बोलताच येत न्हाई."