ढोपराचा कौल

गुरवाने देवाच्या मूर्तीवर डावी-उजवीकडे एकेक पाकळी चिकटवली आणि तो मागे सरला. देवळात जमलेली वाडीची चाळीस माणसे टक लावून बसली. उजवी पाकळी पडली तर गुरुदासने राहायचे, डावी पडली तर दुपारच्या बोटीने मुंबई गाठायची. एका गिरणीच्या हुतूतू संघाने त्याला बोलावले होते. महिना नव्वद रुपये आणि कायमची नोकरी. परवा हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला. आणि इकडे चार दिवसांनी शेजारच्या तोंडवली गावाशी सामना होता.

खांबाला टेकून उभा असलेला त्याचा थोरला भाऊ सहदेव मूर्तीकडे बघतच नव्हता. त्याचा उजवा पाय ढोपरात वाकत नसे. तेरा वर्षांपूर्वी असेच बोलावणे त्यालाही आले होते, असाच कौल लावला होता आणि तो राहिला होता. तोंडवलीला हरवल्यावर वाडी त्याला खांद्यावर घेऊन नाचली. खेळताना त्याचे ढोपर मोडलेय हे कुणाच्या लक्षातसुद्धा आले नाही.

उजवी पाकळी पडली.

"झाला," भाई म्हणाले. वाडीचे पुढारी तेच आणि संघही त्यांचाच. "गुरुदास रवतलो. पैशासाठी गावाचो मान इकणारो तो न्हय."

गुरुदास मान खाली घालून बसला. ट्रंकेची किल्ली त्याच्या मुठीत होती.

सहदेवाच्या मस्तकात तिडीक गेली. "भाई, माझा ढोपर मोडला तेव्हा कौल कित्याक नाय लावलात? आता सहदेवान खावचा काय, ता देवाक कोणी इचारल्यान?"

"तुका मान नाय दिलो? सामन्याचो पयलो नारळ दर वर्सा कोणाक देतंव?"

"माका देतास. माझी बायल सुभद्रा तेची आमटी करता. दुसऱ्या दिवशी ती मासळीची पाटी घेवन बाजारात जाता आणि मी घरात जाळी इणतंय."

"देवाच्या शब्दाभायर जातलंस?"

"जातलंय. एक पाय आधीच दिलंय, दुसरो घेऊ दे." मग तो भावाकडे वळला. "ऊठ रे."

"दादा, गाव काय म्हणतलो?"

"म्हणतलो चार दिस. माका तेरा वर्सां कोणी कायएक इचारूक नाय."

बोट दूर खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत नेणारा पडाव किनाऱ्याला लागला होता. वाडी वाळूवर येऊन उभी राहिली, पण ट्रंकेला कुणी हात लावला नाही. ज्यांनी एकदा सहदेवाला खांद्यावर घेतले होते तेही हात बांधून उभे होते. सहदेवाने गुरुदासलाही ट्रंक उचलू दिली नाही. ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन, ताठ पाय ओढत तो कमरेइतक्या पाण्यात गेला आणि पडावात गुरुदासच्या पायाशी ठेवून आला. परतताना वाट देण्यापुरती माणसे बाजूला सरली.

सामना तोंडवलीने जिंकला. पहिला नारळ त्या वर्षी दुसऱ्या कुणाला गेला.

त्या दिवशी सुभद्रा बाजारातून आली आणि पाटीतून एक नारळ काढून तिने खोबरे किसायला घेतले.

"इकत आणलंय," ती म्हणाली.

"बरा केलंस," सहदेव म्हणाला आणि पाय लांब करून पानावर बसला.